गाठोडं असं बांधा, की कुणालाही सोडता येईल



पेन ड्राइव्हच्या पोटात काय असतं, हे मागच्या अंकात वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पत्रं पाठवलीत. प्रत्येकाला उत्तर देणं जमत नाही, रागावू नका हं! पण आठवीतल्या एका मित्राचं पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं. तो लिहितो :

"बाई, मी घरच्या संगणकाचा बॅकअप घ्यायला बसलो. प्रोग्रामने विचारलं, फाइली कोणत्या प्रकारात आवळू? झिप, सेव्हन-झेड, टार-जीझिप आणि शेवटी त्या प्रोग्रामचा स्वतःचाच एक प्रकार. दादा म्हणाला, ज्याने फाइल सगळ्यात लहान होते तो घे, उगाच डोकं चालवू नकोस. दादाचं बरोबर आहे का?"

दादाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कारण एकदा मीसुद्धा अगदी हेच केलं होतं. त्याची किंमत आमच्या शाळेने मोजली. म्हणून आधी ती गोष्ट सांगते, मग उत्तर.

माडीवरची हार्ड डिस्क

आमची शाळा कृष्णाकाठची. पहिली ते सातवीचे वर्ग आणि सगळ्यांत मिळून एकच संगणक. २०१८ साली सहावी-सातवीच्या मुलांनी एक झकास काम केलं. गावातल्या आज्यांकडे जाऊन त्यांनी जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. एकूण ४२ रेकॉर्डिंग झाली. कुणाची आजी लाजली, कुणाची गाता गाता रडली. एका आजीने तर अडगळीतलं जातंच बाहेर काढायला लावलं. म्हणाली, "हातात खुंटा असल्याबिगर ओवी येत न्हाई गं बाई!"

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, याची राखीव प्रत करून ठेवा." राखीव प्रत म्हणजेच बॅकअप. मी एक हार्ड डिस्क आणली. ओव्या, शाळेचे जुने फोटो, निकालपत्रकं, सगळं एकत्र केलं. बॅकअपच्या प्रोग्रामने पर्याय विचारले, तेव्हा ‘सर्वांत लहान’ असं लिहिलेल्या पर्यायावर टिचकी मारली. तो त्या प्रोग्रामचा खासगी प्रकार होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. सगळ्याची मिळून एकच फाइल झाली. हार्ड डिस्क मुख्याध्यापकांच्या घरी माडीवर ठेवली. मला वाटलं, झालं काम!

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. शाळेत छातीएवढं पाणी होतं. संगणक गेला, कपाट गेलं, कपाटातली त्या प्रोग्रामची सीडीही गेली. पण माडीवरची डिस्क मात्र कोरडी ठणठणीत! आम्हाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

काही महिन्यांनी शाळेला दुसरा संगणक मिळाला. डिस्क जोडली, फाइल दिसली. टिचकी मारली, तर संगणकानेच आम्हाला विचारलं, ‘ही फाइल कशाने उघडायची?’ तो प्रोग्राम बनवणारी कंपनी तोवर बंद पडली होती. पुण्यात संगणकाचं काम करणारा आमचा एक माजी विद्यार्थी दोन दिवस खटपट करून दमला. म्हणाला, "बाई, कुलूप समोर दिसतंय. पण त्याची किल्ली कशी घडवायची, ते कुठेच लिहिलेलं नाही."

तेवढ्यात सातवी पास होऊन गेलेली एक मुलगी भेटायला आली. "बाई, माझ्याकडे थोड्या ओव्या आहेत." घरी आजीला ऐकवायच्या म्हणून तिने १७ रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर नेली होती. सुटी सुटी नेली तर हरवतील, म्हणून सगळ्यांचं मिळून एक झिप केलं होतं. पेन ड्राइव्ह लावला, दोनदा टिचकी मारली आणि झिप उघडली! वेगळा प्रोग्राम लागला नाही की सीडी लागली नाही.

म्हणजे ४२ पैकी १७ परत आल्या. काही आज्यांनी हौसेने पुन्हा गाऊन दिल्या. पण जिने जातं बाहेर काढायला लावलं होतं, ती आजी पुराच्या आधीच्याच उन्हाळ्यात वारली होती. तिचा आवाज त्या न उघडणाऱ्या फाइलमध्ये आहे. ती डिस्क अजून माझ्या कपाटात आहे.

पुराने जे नेलं नाही, ते माझ्या एका टिचकीने अडकलं. आता तुम्हाला कळलं असेल, मी हे पत्र बाजूला का काढलं ते.

फाइल आवळते म्हणजे नक्की काय होतं?

गोधडीची घडी घालून आपण ती ट्रंकेत ठेवतो. जागा कमी लागते आणि उलगडली की गोधडी जशीच्या तशी. झिप, सेव्हन-झेड वगैरे प्रकार असेच. आत घातलेलं सगळं शब्दन् शब्द परत मिळतं.

उसाचा गूळ मात्र वेगळा. गूळ कमी जागेत मावतो, पण गुळाचा पुन्हा ऊस होत नाही! मोबाइलवरचे जेपेग फोटो आणि एमपी-३ गाणी ही गुळासारखी. डोळ्यांना आणि कानांना सहसा न जाणवणारा भाग त्यांच्यातून आधीच काढून टाकलेला असतो. म्हणून एक गंमत लक्षात ठेवा. फोटो आणि गाणी झिपमध्ये घातली, तर ती जवळजवळ लहान होतच नाहीत. गूळ आणखी किती आटवणार? त्यांच्यासाठी झिप म्हणजे फक्त गाठोडं.

मजकूर मात्र छान आवळला जातो. कसा, ते एका वाक्यावर करून बघू.

‘आजीने गूळ दिला, आजीने लाडू दिला, आजीने पेरू दिला.’

एकूण ९ शब्द. आता नियम असा : शब्द पुन्हा आला तर तो लिहायचा नाही. किती शब्द मागे जायचं आणि तिथून किती शब्द उचलायचे, एवढंच कंसात लिहायचं. मग वाक्य असं होतं :

‘आजीने गूळ दिला (३,१) लाडू (३,२) पेरू (३,१).’

पहिला (३,१) म्हणजे तीन शब्द मागे जा आणि एक उचल. तीन मागे कोण आहे? ‘आजीने’! पुढचा (३,२) उलगडला की ‘दिला, आजीने’ हे दोन शब्द एकदम मिळतात. ही युक्ती १९७७ साली इस्रायलच्या अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या दोन शास्त्रज्ञांनी मांडली. संगणक ती शब्दांऐवजी बाइटांवर करतो, एवढाच फरक.

दुसरी युक्ती तर तुमच्या घरातच चालते. आई ज्याला दिवसातून पन्नास वेळा हाक मारते, त्याचं नाव ‘बाळ्या’ नाहीतर ‘पिंट्या’ असं आखूड असतं. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांचं नाव मात्र आडनावासकट पूर्ण! जे वारंवार लागतं त्याला छोटी खूण द्यायची आणि जे क्वचित लागतं त्याला लांब. हे गणितात पक्कं बसवलं डेव्हिड हफमन याने. १९५१ साली तो अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत शिकत होता. रॉबर्ट फानो या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, एक तर परीक्षा द्या, नाहीतर एका प्रश्नावर निबंध लिहा. हफमनने निबंध निवडला आणि त्यातून ही पद्धत जन्माला आली. १९५२ साली ती छापून आली. परीक्षेचा कंटाळा असा कामी येतो कधी कधी! (हे तुमच्या सरांना दाखवू नका.)

आपल्या देवनागरीला या युक्त्यांचा फार फायदा होतो. ‘आजी’ या शब्दात आ, ज आणि दुसरी वेलांटी अशी ३ चिन्हं आहेत. युनिकोडच्या युटीएफ-८ या पद्धतीत त्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे ‘आजी’ला ९ बाइट. पण त्यांतले सुरुवातीचे बाइट पुन्हा पुन्हा तेच येतात. त्यामुळे मराठी मजकुराचं गाठोडं चांगलंच लहान होतं.

झिपमधली ‘पीके’ अक्षरं

या दोन्ही युक्त्या एकत्र गुंफून फिल कॅट्झ नावाच्या अमेरिकन तरुणाने एक पद्धत बनवली. तिचं नाव डिफ्लेट. त्याचा झिपचा पहिला प्रोग्राम १९८९ साली आला. डिफ्लेट ही झिपमध्ये आजही सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत आहे. पण माझ्या मते त्याचं खरं मोठेपण वेगळंच आहे. झिप फाइल आतून कशी रचलेली असते, हे त्याने लिहून जाहीर केलं. त्यामुळे जगात कुणीही झिप बांधणारा आणि सोडणारा प्रोग्राम लिहू शकला. कॅट्झ २००० साली अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. त्याचं काम मात्र चालूच राहिलं. एखादी झिप फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. नुसती अगम्य चिन्हं दिसतील, पण अगदी सुरुवातीला बहुधा दोन इंग्रजी अक्षरं असतील : पी आणि के. कॅट्झच्या नावाची आद्याक्षरं!

आमच्या कुलपाच्या गोष्टीशी याची तुलना करा. माझ्या प्रकाराची किल्ली एकाच कंपनीकडे होती. कंपनी गेली, किल्ली गेली. झिपची किल्ली गावोगावच्या लोहाराला घडवता येते.

मग बाकीचे प्रकार वाईट का?

नाही, तसं मुळीच नाही. इगोर पावलोव्ह या रशियन प्रोग्रामरने १९९९ साली सेव्हन-झिप हा प्रोग्राम आणला. त्याचा सेव्हन-झेड प्रकार बहुतेक वेळा झिपपेक्षा लहान फाइल बनवतो. त्याची किल्लीही लपवलेली नाही. टार हे युनिक्सवरचं जुनं गाठोडं, १९७९ पासूनचं. टार फक्त बांधतं आणि १९९२ साली आलेलं जीझिप ते आवळतं. दोन्ही खुले आहेत. युजीन रोशाल यांचा रार हा प्रकार १९९३ चा. रार सोडणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत, पण ते बांधण्याची पद्धत खुली नाही. शिवाय २०१३ साली रारची नवी रचना आली, तेव्हा जुन्या प्रोग्रामांना नव्या फाइली उघडेनात. नाव तेच, कुलूप मात्र बदललेलं!

प्रश्न लहान-मोठ्याचा नाहीच. प्रश्न असा आहे : अडचणीच्या दिवशी तुमच्यासमोर कोणता संगणक असेल? तो तुमचा नसेल. शेजारच्या काकांचा असेल, शाळेचा असेल. त्यावर काही नवीन बसवायची परवानगी नसेल, इंटरनेटही नसेल. विंडोजवर झिप २००१ च्या एक्सपीपासून आपोआप उघडते. सेव्हन-झेड आणि रार तशा उघडण्याची सोय विंडोज ११ मध्ये २०२३ साली आली. मॅकवर आणि बहुतेक मोबाइलवरही झिप उघडते. म्हणून अडीअडचणीला झिपच भरवशाची.

आणखी एक फरक सांगते. झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी आवळलेली असते. एक बिघडली तरी बाकीच्या बऱ्याचदा वाचतात. टार-जीझिपमध्ये सगळ्या फाइलींची एकच लांब घडी असते. मध्ये कसर लागली, तर पुढचं सगळं सोडवणं अवघड होऊन बसतं.

झिपमधले चार खड्डे

झिप निवडली म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नका बरं का!

पहिला खड्डा : नाव झिप, पण आतली पद्धत निराळी. काही प्रोग्राम झिपच्या आत डिफ्लेटऐवजी दुसरी पद्धत वापरायला देतात. फाइल थोडी लहान होते, पण साध्या संगणकावर उघडत नाही. पर्याय विचारला तर ‘डिफ्लेट’च निवडा.

दुसरा खड्डा : आकार. मूळच्या झिपमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि ६५,५३५ पेक्षा जास्त फाइलीही मावत नाहीत. २००१ साली झिप-६४ ही सुधारणा आली, पण एक्सपीसारख्या जुन्या प्रणालींना ती कळत नाही. शिवाय ‘फॅट-३२’ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची एक फाइल राहतच नाही. उपाय सोपा आहे. एकच अगडबंब गाठोडं बांधू नका, दर महिन्याचं किंवा दर विषयाचं वेगळं बांधा.

तिसरा खड्डा : मराठी नावं. झिपमध्ये युटीएफ-८ नावांची सोय २००६ साली आली. जुन्या प्रोग्राममध्ये ‘आजीची ओवी’ या नावाच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हं दिसू शकतात. म्हणून फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. आत एक साधी मजकूर-फाइल टाकून तिच्यात मराठीतून यादी लिहा, कुठल्या फाइलमध्ये काय आहे ते.

चौथा खड्डा : पासवर्ड. घाला, पण तो घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक असू द्या. नाहीतर आमच्यासारखंच, कुलूप समोर आणि किल्ली गायब!

दहा लाख लोकांची गोष्ट

अशी फसगत एकट्या आमच्या शाळेची झाली असं नाही. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशाची मोजदाद करून एक ग्रंथ लिहवून घेतला होता, डोम्सडे बुक. त्याला ९०० वर्षं होणार म्हणून १९८६ साली बीबीसीने नवा डोम्सडे प्रकल्प केला. दहा लाखांहून जास्त लोकांनी आपापल्या गावाची माहिती आणि फोटो पाठवले. त्यांत शाळेतली मुलं भरपूर होती. हे सगळं खास प्रकारच्या लेझर डिस्कवर साठवलं. पण ती वाचायला खास यंत्र लागायचं. पंधरा-सोळा वर्षांत तशी चालू यंत्रं मिळेनाशी झाली. ९०० वर्षांपूर्वीचं चामड्यावरचं पुस्तक वाचता येत होतं, आणि मुलांनी पाठवलेली माहिती मात्र वाचता येईना! शेवटी २००२ साली लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम तयार केला, तेव्हा कुठे ती माहिती पुन्हा दिसू लागली.

त्यांच्या मदतीला दोन विद्यापीठं धावून आली. तुमच्या-माझ्या मदतीला कोण येणार? म्हणून आधीच विचार करायचा.

तर, आठवीतल्या मित्रा...

फोटो आणि ओव्या-गाणी न आवळता जशीच्या तशी दुसरीकडे उतरवून ठेव. न बांधलेल्या गाठोड्याला गाठच नसते! लिहिलेल्या फाइली डिफ्लेटवाल्या साध्या झिपमध्ये बांध. जागा फारच कमी असेल, तर सेव्हन-झेडची प्रत जरूर कर, पण दुसरी प्रत म्हणून. प्रोग्रामचा स्वतःचा प्रकार सोयीचा असतो, अख्खा संगणक जसाच्या तसा पुन्हा उभा करायला तो कामाचा आहे. पण तुझी एकुलती एक प्रत त्याच्या हवाली करू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : बॅकअप घेतलास, की तो दुसऱ्याच संगणकावर नेऊन उघडून बघ. आत जाऊन दोन-चार फाइली वाच, एखादं गाणं शेवटपर्यंत ऐक. मी २०१८ साली हे एवढं एकच केलं असतं, तर अर्ध्या तासात चूक कळली असती. आता आमच्या शाळेत दर २६ जानेवारीला झेंडावंदन झालं, की सातवीची मुलं बॅकअपची डिस्क मुख्याध्यापकांच्या मोबाइलला नाहीतर कुणाच्या तरी घरच्या संगणकाला जोडतात आणि एक ओवी सगळ्यांना ऐकवतात. ओवी वाजली की मगच खाऊ!

दादाला माझा नमस्कार सांग. डोकं चालवायला मात्र घाबरू नकोस.

करून बघा

संगणकावर लिहिलेल्या एखाद्या ‘डॉक-एक्स’ फाइलची प्रत काढा. मूळ फाइलला हात लावायचा नाही हं! प्रतीच्या नावातलं शेपूट बदलून ‘झिप’ करा. जमलं नाही तर ताई-दादाची मदत घ्या. आता ती उघडा. आत चक्क कप्पे दिसतील! तुम्ही रोज वापरता ती फाइलसुद्धा आतून एक झिपच असते.

या आठवड्याचं कोडं

हे गाठोडं सोडवा. कंसातला पहिला आकडा किती शब्द मागे जायचं ते सांगतो आणि दुसरा किती शब्द उचलायचे ते.

‘चिमणी उडाली (२,१) बसली (२,१) पुन्हा (५,१).’

मूळ वाक्यात किती शब्द होते? उत्तर पुढच्या अंकात. आणि हो, तुम्हीही असं एखादं वाक्य आवळून मला पाठवा. मी सोडवते की नाही, बघू या!

तुमच्या,
बाई